बुरशी नसलेली 'बुरशी'

थ्रेड. १८०६ साली पॅरिसच्या सें-लुई रुग्णालयातील झाँ-लुई आलिबेर या वैद्याने एका रुग्णाचे वर्णन नोंदवले. रुग्णाच्या अंगावर अळंब्यांसारख्या गाठी उगवल्या होत्या. पुढे आलिबेरनेच या विकाराला 'मायकोसिस फंगॉइडिस' म्हटले. दोन्ही शब्दांत बुरशी आहे, रोगात मात्र ती कुठेच नाही. हा त्वचेत प्रथम प्रकटणारा लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग होय.

आलिबेरला हसण्यापूर्वी त्याचा काळ पाहावा. वनस्पतींचे वर्गीकरण हा तेव्हा शास्त्राचा आदर्श होता. त्यानेही त्वचारोगांची मांडणी एका वृक्षाच्या फांद्यांवर केली. डोळ्यांना दिसेल त्यावरून नाव द्यायचे, हीच रीत होती.

पण त्याला दिसला तो रोगाचा अखेरचा अंक. त्याच रुग्णालयातील एर्नेस्ट बाझँ याने १८७० मध्ये क्रम लावला: आधी चपटे चट्टे, मग जाडसर उंचवटे, शेवटी गाठी. माझ्या मते या इतिहासातील खरा शोध हाच. इसबासारखा दिसणारा चट्टा आणि कित्येक वर्षांनी फुटणारी गाठ हे एकाच रोगाचे चरित्र आहे, हे रुग्ण दीर्घकाळ पाहिल्याशिवाय कळणे शक्यच नव्हते.

सूक्ष्मदर्शकाने पुढचे काम केले. बाह्यत्वचेतील पेशींचे पुंजके दारिए याने आधी पाहिले, नाव मात्र पोत्रिए याचे लागले. (नावांचा घोळ या रोगाच्या पाचवीलाच पुजलेला!) १९३८ मध्ये सेझारी आणि बूव्रँ यांनी सर्वांग लालबुंद झालेल्या रुग्णाच्या रक्तातही विचित्र केंद्रकांच्या मोठ्या पेशी दाखवल्या. १९६८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या केंद्रकांना मेंदूसारख्या वळ्या दिसल्या. या टी-पेशी आहेत हे १९७० च्या दशकात उलगडले आणि हे विकार 'त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा' या एका नावाखाली आले.

तरीही निदानाला आज अनेकदा वर्षे लागतात. इसब, सोरायसिस यांतही त्वचेत टी-पेशी जमतात, आणि सुरुवातीच्या चट्ट्यात कर्कपेशी इतक्या विरळ असतात की बायोप्सी निर्णायक ठरत नाही. लावलेल्या स्टेरॉइड मलमाने खुणा आणखी पुसट होतात. सर्व पेशी एकाच पेशीची संतती आहेत का, हे जनुकीय चाचणी सांगते, पण कर्करोग नसलेल्या काही दाहांतही तिचे उत्तर 'होय' येते. म्हणून संशय कायम राहिला तर काही महिन्यांनी पुन्हा तुकडा काढतात, आणि जुन्या काचपट्ट्या नव्यांशेजारी ठेवून वाचल्या जातात.