निष्क्रिय काडतूस
छऱ्यांच्या बंदुकीच्या सरावासाठी वापरले जाणारे, स्फोटक नसलेले काडतूस. आकार व शक्यतो वजनही खऱ्या काडतुसासारखे. आत मात्र बारूद नसते आणि बुडाशी जिवंत टोपीही नसते. भरणे, बाहेर काढणे, अडकलेले काडतूस सोडवणे हे सारे त्यावर शिकवता येते.

घरगुती प्रकार उडवलेल्या काडतुसाच्या रिकाम्या नळकांडीपासून करतात. जिवंत काडतूस उकलून तो कधीही करू नये. वापरलेली टोपी काढून त्या खळगीत रबर किंवा सिलिकॉन बसवतात. त्यामुळे चाप ओढल्यावर आघातपिनेचा धक्का मऊ पडतो. जुन्या दुनळी बंदुकांत रिकाम्या खळगीवर पिन आपटत राहिल्यास ती तुटू शकते. पोटात लाकडी दांडी किंवा राळ भरून तोंड बंद करतात. फुगलेली नळकांडी चालत नाही, कारण ती नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या कोठीत नीट बसत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ओळख. कवचाला आरपार भोक पाडावे आणि वेगळा, ठळक रंग द्यावा. पिवळा टाळलेला बरा, कारण २० बोरची खरी काडतुसे बहुधा त्याच रंगाची असतात. सरावाच्या खोलीत जिवंत काडतूस असूच नये.

नेमबाजीच्या मैदानावर प्रशिक्षक खऱ्या काडतुसांत एखादे निष्क्रिय काडतूस नकळत मिसळतो. धमाका न होताही नळी खाली झुकली, तर नेमबाज धक्क्याच्या धास्तीने दचकतो हे उघड होते.