हजार किलोच्या आत

1979 साली बॉब हॉल हा अमेरिकी मोटार-पत्रकार माझ्दा कंपनीच्या केनिची यामामोतो यांना भेटायला गेला. आम्ही पुढे कोणती गाडी काढावी, असं यामामोतोंनी सहज विचारलं. हॉलला जपानी यायचं. तो उठला आणि खडूने फळ्यावर एक बुटकी गाडी काढून मोकळा झाला. दोन सीट, उघडा टप, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, किंमत नोकरदाराला झेपेल अशी. जुन्या ब्रिटिश गाड्यांसारखीच, फक्त रोज सकाळी हमखास सुरू होणारी!

त्या जुन्या गाड्या म्हणजे एमजी, ट्रायम्फ वगैरे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेतली हौशी मंडळी आठवडाभर त्यांतून कामावर जात आणि रविवारी तीच गाडी ट्रॅकवर नेत. तिथे हेडलाइटच्या काचांवर चिकटपट्टी मारायची, म्हणजे काच फुटली तरी तुकडे सांडत नाहीत. दारावर नंबर लावायचा, शर्यत पळवायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने घर गाठायचं. 1980 मध्ये एमजीचा अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला. अशा गाडीची हौस मात्र संपली नव्हती.

हॉल पुढे माझ्दातच नोकरीला लागला. गाडीच्या आराखड्यासाठी कंपनीने टोकियो आणि कॅलिफोर्निया इथल्या आपल्याच पथकांत चुरस लावली. टोकियोच्या मंडळींनी एक पुढच्या चाकांवर चालणारी आणि एक मध्ये इंजिन असलेली गाडी मांडली, पण फळ्यावरच्या चित्राशी इमान राखणारं कॅलिफोर्नियाचं पथक जिंकलं. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-5 मियाटा लोकांसमोर आली. इंजिन 1.6 लिटरचं, ताकद 116 अश्वशक्ती, अमेरिकेतली सुरुवातीची किंमत 13,800 डॉलर.

116 हा आकडा ऐकून तेव्हाही काहींनी नाक मुरडलं असेल. पण खरा आकडा वजनाचा होता: गाडी हजार किलोच्या आत. प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी ‘जिनबा इत्ताई’ हे सूत्र धरलं होतं, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे त्याला मांड पक्की बसणं म्हणतात. त्यासाठी गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत अ‍ॅल्युमिनियमची एक लांब तुळई टाकली. त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मधला सांगाडा पिळवटत नाही, पायाचा हुकूम थेट मागच्या चाकांना पोचतो. गिअरचा दांडा जेमतेम मनगटभर हलतो.

हलकेपणाचा खरा फायदा दिसतो तो ट्रॅक डेला. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेली फी भरून, ठरलेल्या वेळात, आपलीच गाडी ट्रॅकवर मनसोक्त पळवायची. तिथे खिसा कापतात ते टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. दोन टनांची दणकट गाडी प्रत्येक वळणाआधी थांबवताना पॅड जळतात, टायर सोलून निघतात. हलक्या गाडीचं तेच सामान लहान असतं, स्वस्त असतं आणि टिकतंही जास्त. घेताना परवडणाऱ्या पण चालवताना न परवडणाऱ्या वेगवान सेकंडहँड गाड्या पुष्कळ. मियाटाचं गणित दोन्हीकडे जमलं. पहिल्या पिढीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, म्हणजे गाडी बंद पडते, पण इंजिन वाचतं. रोज कामावर जाणाऱ्याला हा दिलासा अश्वशक्तीपेक्षा मोलाचा.

अमेरिकेत या गाडीसाठी ‘स्पेक मियाटा’ हा स्वतंत्र शर्यतगटच उभा राहिला. सगळ्यांच्या गाड्या जवळपास सारख्या, फरक चालवणाऱ्याचा. 2000 साली सर्वाधिक खपाची दोन आसनी स्पोर्ट्‌स कार म्हणून मियाटाची गिनेसमध्ये नोंद झाली. एप्रिल 2016 मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली.

अडचणी आहेतच. टप कापडी, म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी डोक्यामागे पोलादी रोल बार बसवणं शहाणपणाचं. अनेक ठिकाणी त्याशिवाय आत सोडतच नाहीत. डिकी तर इतकी चिमुकली की ट्रॅकचे चार जादा टायर न्यायचे कसे, हा प्रश्न पडतोच. मग दोन शेजारच्या सीटवर रचायचे आणि उरलेल्या दोन टायरांसाठी मागे येणाऱ्या मित्राची गाडी गाठायची.