दीडशेतले साडेचार

आमच्या शहराला ‘बावन्न दरवाज्यांचे शहर’ म्हणण्याची जुनी चाल आहे. पाहुणा आला की आम्ही त्याला हौसेने भडकल दरवाजा दाखवितो, मकाई दरवाजा दाखवितो, दिल्ली दरवाजा दाखवितो. तो बिचारा बोटे मोडून मोजू लागला, तर हिशेब बावन्नाच्या जवळपासही जात नाही. तरी त्याला फसविल्याचे पाप आमच्या मनास शिवत नाही. बावन्न हे आता मोजमाप राहिलेले नाही. ते नाव झाले आहे. आकड्याचे नाव कसे होते, आणि त्याच नावाचे पुन्हा मोजमाप होऊ लागले म्हणजे कोणाच्या खिशाला चाट बसते, हे मला एका स्कूटरने शिकविले. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

वाळूजचा बजाजचा कारखाना ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते सुरू झाला. त्या वेळी या शहराचे नाव औरंगाबाद होते. छत्रपती संभाजीनगर झाले ते २०२३ मध्ये. मी त्या काळी पाटी-पेन्सिलीच्या वयाचा. पुढे घराघरांतून कोणी ना कोणी वाळूजला पाळीवर जाऊ लागला, आणि ‘सीसी’ हा शब्द भाकरी-कालवणाइतका ओळखीचा झाला. वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, पुष्कळ वर्षे पैसे साठवून चेतक घेतली. ‘दीडशे सीसीची आहे,’ असे ते येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत. अण्णा दुकानात हिशेब लिहीत असत. पाच पैशांची चूक सापडेपर्यंत रात्र जागविणारा हा माणूस. पण त्या दीडशेची पडताळणी करावी असे त्यांच्याही मनात कधी आले नाही.

ती पडताळणी माझ्या हातून झाली, तीही अपघातानेच. मी शाळेत मराठी शिकवितो. एके दिवशी गणिताचे शिक्षक रजेवर गेले आणि दहावीचा भूमितीचा तास माझ्या गळ्यात पडला. प्रकरण महत्त्वमापनाचे: वृत्तचितीचे घनफळ. मुले जांभया देऊ लागली, तेव्हा मी म्हणालो, ‘चला, आमच्या चेतकचे घनफळ काढू.’ एका मुलाचे वडील गाड्या दुरुस्त करीत. त्याने दुसऱ्या दिवशी मापे आणली: सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर, आणि पिस्टन वरखाली जातो ते अंतरही ५७ मिलिमीटर. पिस्टन एका फेरीत जेवढी जागा झाडून काढतो, तेवढेच इंजिनाचे सीसी, म्हणजे घन सेंटीमीटर. मुलांनी गुणाकार केला. उत्तर आले १४५.४५!

घरी येऊन मी हे अण्णांना सांगितले. त्यांनी चष्मा काढला, माझा कागद दोनदा तपासला आणि विचारले, ‘मग उरलेले साडेचार कुणी खाल्ले?’

कोणीच खाल्ले नव्हते. ही मापे मुळात इटलीची. पियाज्जिओ कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा काढली. बजाजने १९४८ पासून ती आपल्याकडे आणून विकली, आणि पुढे करार करून येथेच बनविली. १९७१ मध्ये करार संपला, १९७२ मध्ये चेतक आली. नाव राणा प्रतापाच्या घोड्याचे. पोटातले माप मात्र तेच इटालियन ५७ गुणिले ५७.

आणि ‘दीडशे’ म्हणण्याची रीतही आपली नव्हे. तिचे एक मूळ शर्यतींत आहे. १९४९ मध्ये मोटारसायकलींच्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हा १२५, २५०, ३५० आणि ५०० असे वर्ग ठरले. हा आकडा म्हणजे छत; इंजिनाने त्याच्या वर जावयाचे नाही. साहजिकच कारखानदार छताच्या थोडे खाली राहत, आणि गाडीला नाव मात्र छताचे देत. मद्रासला बनू लागलेल्या ३५० बुलेटचा व्यास ७० आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, गुणाकार ३४६. आपण शाळेत ‘दहावीचा मुलगा’ म्हणतो, म्हणजे तो दहा वर्षांचा असतो असे नव्हे, तसेच हे. २००१ ची पल्सर १५० आरंभी जेमतेम १४४ सीसीची होती. एम-८० तर ७४ चीच. उलट पुढच्या काळातली प्लॅटिना १०० प्रत्यक्षात १०२ ची, आणि प्लॅटिना ११० ही ११५ ची निघाली! नावापेक्षा माल जास्त देणारा दुकानदार विरळा. पण त्यावरूनही हेच सिद्ध होते की हा आकडा मापाचा नव्हे, ओळखीचा.

याच कावासाकी कंपनीची गोष्ट पाहा, जिच्याशी हात मिळवून बजाजने १९८६ मध्ये केबी-१०० आणली. समुद्रावर उड्या मारीत जाणाऱ्या ‘जेट-स्की’ तिच्याच. त्यांतली ‘५५०’ नावाची जेट-स्की घ्या: दोन सिलिंडर, व्यास ७५, धाव ६०, मिळून ५३०. मूळ कारखानदाराचाच आकडा असा सैल असला, की बाहेरून सुटे भाग करून विकणाऱ्याला रान मोकळे मिळते. तो डब्यावर मनास येईल तो आकडा छापतो, आणि विचारले तर म्हणतो, ‘कंपनी तरी कुठे खरे सांगते?’

हा अनुभव मला समुद्रावर जाऊन घ्यावा लागला नाही. चेतक धूर ओकू लागली तेव्हा मिस्त्री म्हणाला, ‘सर, बोअर मारावा लागेल.’ सिलिंडर झिजले की ते आतून किंचित मोठे कापून मोठा पिस्टन बसवितात. मी हौसेने बाजारात गेलो आणि एका दुकानातून ब्लॉक-पिस्टनचा नवा संच आणला. डब्यावर ठसठशीत अक्षरे: ‘१६० सीसी’. मिस्त्रीने व्हर्निअर लावला. व्यास ५८. मी तेथेच भिंतीवर कोळशाने गुणाकार केला: १५०.६. एकशेसाठ भरावयाचे तर व्यास जवळजवळ ६० हवा. दुकानदाराने संच परत घेतला नाही.

पण मौज अशी, की हा खोटा डबा बसविला असता तर अण्णांची स्कूटर जन्मात प्रथमच खरोखरीची दीडशे झाली असती. मी हे हसत हसत सांगितले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी विम्याचा कागद पुढे केला. १ जून २०२२ पासूनचे तृतीय पक्षाच्या विम्याचे दर असे: ७५ च्या वर ते दीडशे सीसीपर्यंत ७१४ रुपये; दीडशेच्या वर साडेतीनशेपर्यंत १,३६६. नावातले साडेचार सीसी कमी पडले तेव्हा कोणी एक पैसा परत केला नव्हता. आता अर्धा सीसी वर गेला तर जवळजवळ दुप्पट! ‘आणि न सांगता गाडी फिरवायची म्हणजे पुस्तकात एक आणि पोटात एक. ते माझ्याच्याने व्हायचे नाही,’ असे म्हणून त्यांनी विषय संपविला. कायदाही त्यांच्याच बाजूचा आहे. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. अखेर जुनाच ब्लॉक थोडासा कापून ५७.४ चा पिस्टन बसविला. एकशे साडेसत्तेचाळीस, दीडशेच्या आत.

तेव्हापासून मी पाहत आलो आहे: जेथे आकड्याचा संबंध केवळ मिरविण्याशी, तेथे तो ऐसपैस पसरतो, जेथे सरकारी पैशाशी, तेथे तो अंग चोरून बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर, आणि त्यावर एक पाऊल पडले की ४० टक्के. नव्या बुलेटचे इंजिन भरते ३४९. एवढे नेमके माप कारखानदाराला काढता येते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नावापुरता आकडा वापरण्यास माझी ना नाही. आमच्या बावन्न दरवाज्यांवर तर मी जीव टाकतो. परंतु ज्या आकड्यावर गिऱ्हाईक पैसे मोजतो, तो आकडा त्याला स्वतःला मोजता आला पाहिजे. त्याला लागणारे गणित दहावीच्या पुस्तकात आहे.

तो संच अजून माझ्याजवळ आहे. गणिताच्या शिक्षकांनी तो वर्गाच्या कपाटात ठेवून घेतला आहे. महत्त्वमापनाचे प्रकरण आले की मुले व्हर्निअर लावून त्याचे घनफळ काढतात. दरवर्षी उत्तर दीडशेच्या आसपास येते, आणि दरवर्षी एखादा मुलगा हात वर करून विचारतो, ‘सर, पण डब्यावर तर एकशेसाठ लिहिलंय. माझं चुकलं का?’

त्याचे चुकलेले नाही, हे सांगण्यासाठी मी मुद्दाम त्या तासाला वर्गात जाऊन बसतो.