पियानोपाशी कॅरोल

वर्ष १९७१, महिना जानेवारी. तुम्ही हॉलीवूडमध्ये ला ब्रिया अ‍ॅव्हेन्यूवर उभे आहात. समोरच्या इमारती इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या खेड्यातून उचलून आणल्यासारख्या वाटतात. पन्नासेक वर्षांपूर्वी चार्ली चॅप्लिनने हा स्टुडिओ बांधला आणि आपले मूकपट इथेच घडवले. आता इथे ए अँड एम रेकॉर्ड्सचा मुक्काम आहे. स्टुडिओ एमध्ये कार्पेंटर्स ही भावंडं गातात, स्टुडिओ सीमध्ये जोनी मिशेल ‘ब्लू’ची गाणी मुद्रित करते आहे. तुम्ही मधलं दार लोटा आणि स्टुडिओ बीमध्ये या.

काचेआड ध्वनिमुद्रक हँक सिकालो बसला आहे, शेजारी निर्माता लू अ‍ॅडलर. काचेपलीकडे पियानोवर २८ वर्षांची कॅरोल किंग. डोक्यावर मोकळ्या कुरळ्या केसांचा पसारा. बास वाजवतो आहे तिचा नवरा चार्ल्स लार्की, गिटारवर डॅनी कॉर्चमार. माणसं मोजकीच, आणि एकमेकांच्या सवयीची.

ती गायला लागते. नीट कान द्या. गळा मोठा नाही. वरच्या सुरांवर तो थोडा ताणतो, थोडा खरखरतो, आणि उच्चारांतून ब्रुकलिन डोकावतं. तरी तुम्ही जागचे हलत नाही, कारण शब्द आणि सूर एकाच ठिकाणाहून निघालेले ऐकू येतात. डावा हात ठेका धरतो, उजवा हात आवाजाला उत्तर देतो. पियानो इथे साथीला नाही. गाणं त्याच्यातूनच उगवतं.

हे समजायला दहा वर्षं मागे चला. १९६०, न्यूयॉर्क, १६५० ब्रॉडवे. एका संगीत प्रकाशन कंपनीच्या एवढ्याएवढ्याशा खोल्या, प्रत्येकीत एक पियानो. शेजारच्या खोलीतली चाल भिंतीतून ऐकू येते. कॅरोल १८ वर्षांची आहे, घरी तान्ही मुलगी आहे. नवरा जेरी गॉफिन शब्द लिहितो, ती चाली बांधते. त्यांचं ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ शिरेल्स या कृष्णवर्णीय मुलींच्या चमूने गायलं आणि १९६१च्या जानेवारीत ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. पुढे ‘अ नॅचरल वूमन’ अरेथा फ्रँकलिनने गायलं. गाणी गाजली, पण चाल बांधणारी मुलगी पडद्यामागेच राहिली.

तिचा आवाज मात्र एका ठिकाणी होता. गाणं एखाद्या गायकाच्या गळी उतरवायचं तर आधी त्याचा नमुना, म्हणजे डेमो, मुद्रित करावा लागे. तिच्या डेमोंवर ती स्वतः वाजवायची आणि स्वतः गायची. त्याच प्रकाशन कंपनीसाठी पश्चिम किनाऱ्यावर काम करणाऱ्या लू अ‍ॅडलरकडे ते डेमो यायचे. त्यांतला साधेपणा त्याच्या कानात बसला.

१९६८मध्ये संसार मोडला. दोन मुलींना घेऊन कॅरोल लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅनियनमध्ये राहायला आली. १९७०मध्ये तिच्या नावाचा पहिला अल्बम आला, ‘रायटर’. तो फारसा खपला नाही. दुसऱ्याच्या वेळी अ‍ॅडलरने एक गोष्ट पक्की ठरवली: ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की कॅरोल समोर पियानोपाशी बसून आपल्यासाठीच गाते आहे. थोडक्यात, डेमोचा जिव्हाळा जपायचा आणि वर अनावश्यक सजावट चढवायची नाही.

म्हणून पुन्हा स्टुडिओत या. आता तेच दहा वर्षांपूर्वीचं ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ चालू आहे, फक्त लय कितीतरी संथ. मागे सूर देणारे दोघं ओळखीचे आहेत: जोनी मिशेल आणि जेम्स टेलर. शिरेल्सनी गायलं तेव्हा तो एका कोवळ्या मुलीचा प्रश्न होता. आता तो विचारणाऱ्या बाईने लग्न, मुलं आणि घटस्फोट पाहिला आहे. शब्द तेच आहेत, भीती मात्र वयाने वाढली आहे.

आता अ‍ॅपियन वे या रस्त्यावरच्या तिच्या घरी चला. अल्बमच्या मुखपृष्ठासाठी छायाचित्रकार जिम मॅक्रेरी कॅमेरा लावतो आहे. जीन्स आणि स्वेटर घातलेली कॅरोल अनवाणी पायांनी खिडकीत बसली आहे, हातात स्वतः केलेलं भरतकाम. पुढ्यात उशीवर तिचं मांजर, टेलेमाकस. त्या काळी गायिकेच्या मुखपृष्ठावर रंगरंगोटी आणि झगमगते कपडे अपेक्षित असत. इथे घरातली एक बाई घरातल्यासारखीच दिसते, आणि ते किती धीट आहे हे तुम्हाला तिथे उभं राहिल्यावर कळतं.

९ फेब्रुवारी, कॅरोलचा २९वा वाढदिवस. सकाळी सहाच्या सुमारास लॉस एंजेलिस मोठ्या भूकंपाने हादरतं. साठाहून अधिक माणसं दगावतात. दुसऱ्याच दिवशी स्टुडिओतल्या त्या गाण्यांची तबकडी, ‘टॅपेस्ट्री’, दुकानांत येते, आणि तिचं पहिलं गाणं आहे ‘आय फील द अर्थ मूव्ह’.

जूनमध्ये न्यूयॉर्क गाठा. १८ तारखेला कॅरोल कार्नेगी हॉलच्या मंचावर आहे, १६५० ब्रॉडवेच्या त्या खोल्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. लोकांसमोर गायला घाबरणारी ही बाई पियानोपाशी बसते आणि सभागृह तिचं होऊन जातं. त्याच आठवड्याअखेर ‘टॅपेस्ट्री’ बिलबोर्डच्या यादीत पहिली येते आणि १५ आठवडे तिथून हलत नाही. टोनी स्टर्नचे शब्द असलेलं त्यातलं ‘इट्स टू लेट’ही पहिलं येतं. ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ जेम्स टेलरच्या आवाजात घरोघरी पोहोचतं. मार्च १९७२च्या ग्रॅमी समारंभात कॅरोलला चार पुरस्कार मिळतात, वर्षातला सर्वोत्तम अल्बम धरून. ती समारंभाला गेलेली नाही. घरी नवं बाळ आहे.

या प्रवासातून परत येताना माझं मत पक्कं झालं आहे. ‘टॅपेस्ट्री’ टिकली, कारण गाणं घडवणारीचा साधा गळाच त्या गाण्याला सर्वांत जवळचा होता आणि तो झाकायचा मोह सगळ्यांनी टाळला. शेवटचं ‘अ नॅचरल वूमन’ ऐका. अरेथाच्या भव्य आवाजाशी कॅरोल स्पर्धा करत नाही. आपलं गाणं ती शांतपणे घरी घेऊन येते.

बारा गाणी आहेत, पाऊण तास लागतो. एकही न वगळता, त्याच क्रमाने ऐका. आणि तुम्ही स्वतः बांधलेली एखादी चाल वहीत पडून असेल, तर चांगल्या गळ्याची वाट पाहू नका. एकदा तुमच्याच आवाजात गाऊन पाहा.