24 सप्टेंबरचे तीन धडे : सेवा करायची की हक्क मागायचा?

दरवर्षी 24 सप्टेंबरला महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस साजरा होतो. प्राचार्यांचे भाषण, वृक्षारोपण, झाडू घेतलेल्या मुलामुलींचा फोटो आणि शेवटी नाश्ता. 1969 साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात याच तारखेला तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ही योजना सुरू केली. तेव्हा 37 विद्यापीठे आणि सुमारे 40 हजार विद्यार्थी तिच्यात होते. आज ती देशभर पसरली आहे.

पण त्या व्यासपीठावरून या तारखेचा उरलेला इतिहास सहसा सांगितला जात नाही. 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. 24 सप्टेंबर 1932 ला येरवड्याच्या तुरुंगात पुणे करारावर सह्या झाल्या आणि अस्पृश्यांच्या हातात आलेला स्वतंत्र मतदारसंघ गेला. तारखा जुळल्या हा योगायोग असेल. पण या तीन घटना शेजारी शेजारी ठेवल्या की आज कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसमोरचा खरा प्रश्न दिसतो : समाजाची सेवा म्हणजे नेमके काय, आणि ती कोणी कोणाची करायची?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकात भेटला नाही, शिबिरात भेटला. दत्तक गावातले सात दिवसांचे शिबिर होते. सात दिवस आम्ही देवळाचे आवार झाडले, शाळेच्या भिंती रंगवल्या, व्यसनमुक्तीची फेरी काढली. ओढ्यापलीकडे आपली वस्ती होती. नळाची पाइपलाइन ओढ्यापर्यंत येऊन थांबली होती. गावाच्या पाहणीच्या अर्जात शौचालय होते, लसीकरण होते. पण नळ कोणाच्या दारात आहे आणि कोणाच्या नाही, हा रकाना नव्हता. आम्ही तो घालू का, असे विचारले. उत्तर मिळाले, "राजकारण नको, सेवा करा."

या उत्तराचे प्रत्युत्तर बाबासाहेबांनी 1932 सालीच देऊन ठेवले आहे. पुणे करारानंतर सहाच दिवसांनी, 30 सप्टेंबरला, मुंबईच्या जाहीर सभेत अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संघ उभा राहिला. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, अमृतलाल ठक्कर सरचिटणीस. पुढे तोच हरिजन सेवक संघ झाला. नावातच सेवा आली. बाबासाहेब तेव्हा गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघाले होते. बोटीवरून, 14 नोव्हेंबर 1932 ला, त्यांनी ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. ते पुढे 1945 च्या त्यांच्या काँग्रेस-गांधींवरील ग्रंथात छापले गेले. सेवा करू इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते एकदा वाचलेच पाहिजे.

पत्राचा गाभा साधा आहे. दलितांच्या उद्धाराकडे पाहण्याचे दोन दृष्टिकोन आहेत. एक म्हणतो, माणसाच्या दुर्दशेला त्याचे स्वतःचे दुर्गुण कारणीभूत आहेत. म्हणून दारूबंदी करा, स्वच्छता शिकवा, आखाडे आणि वाचनालये काढा. दुसरा म्हणतो, माणूस ज्या परिस्थितीत जगायला भाग पाडला जातो, ती परिस्थिती त्याचे नशीब ठरवते. म्हणून परिस्थितीवर घाव घाला. संघाने आपली सगळी ताकद दुसऱ्या कामात लावावी, असे बाबासाहेबांनी सुचवले. पहिला कार्यक्रम नागरी हक्कांचा : सार्वजनिक विहिरीवर पाणी, गावच्या शाळेत प्रवेश, चावडीत जागा, वाहनात बसायला मुभा. दुसरा समान संधीचा. कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नाहीत, हे उदाहरण त्यांनी दिले. तिसरा सामाजिक व्यवहाराचा. यासाठी खेडोपाडी कार्यकर्त्यांची फौज लागेल, तिने अस्पृश्यांना हक्कासाठी उभे करावे आणि कोर्टकचेरीत मदत करावी, असे त्यांनी लिहिले. तंटे होतील, हेही लपवले नाही. चवदार तळे आणि काळाराम मंदिराच्या लढ्यांनी थोड्या दिवसांत जे साधले, ते सुधारकांच्या वर्षानुवर्षांच्या उपदेशाने साधले नसते, हा त्यांचा अनुभव होता.

त्या पत्राची साधी पोचही आपल्याला मिळाली नाही, असे बाबासाहेबांनी नमूद केले आहे. नळाचा रकाना आणि पत्राची पोच, दोन्ही एकाच कारणाने राहून गेले. ज्या सेवेने कोणाचे काही बिघडत नाही, ती सर्वांना आवडते. हक्काची भाषा आली की ती राजकारण ठरते.

इथे एक आक्षेप येईल. बाबासाहेबांनी स्वतः वसतिगृहे आणि वाचनालये काढली नव्हती का? काढली होती. 20 जुलै 1924 ला स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले. सावित्रीमाई तर प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 ला गेल्या. आपली परंपरा सेवेच्या विरोधात कधीच नव्हती. फरक होता तो हेतूचा आणि हाताचा. हितकारिणीचे वसतिगृह कोणाच्या दयेचे प्रदर्शन नव्हते. समाजाने समाजासाठी केलेली ती लढ्याची तयारी होती. शिकण्याबरोबर चेतवणे आणि संघटित होणे तिथे जोडलेलेच होते.

महाडकडेही याच नजरेने पाहा. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी खर्चाच्या पाणवठ्यांवर आणि सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यांना मुभा. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क होता, पण ओंजळीत पाणी नव्हते. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांच्या मागे हजारोंचा जमाव तळ्यावर गेला, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. पुढे दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 17 मार्च 1937 ला निकाल आपल्या बाजूने लागला. ठराव, कृती आणि पाठपुरावा अशी ही साखळी आहे. यातली एक कडी तुटली की हक्क पुन्हा कागदावर जातो.

म्हणून आमचे म्हणणे असे नाही की सेवा योजनेवर बहिष्कार टाका. उलट, जरूर नाव घाला. आपल्या अनेक मुलांनी पहिले भाषण त्याच शिबिरात केले आहे आणि मिळणारे जादा गुणही सोडायचे कारण नाही. दोन वर्षांत 240 तास द्यायचे असतात. प्रश्न इतकाच की ते तास कुठे घालवायचे.

ते चार ठिकाणी लावता येतील. पहिले, वस्तीची पाहणी. पाणी, रस्ता, दिवाबत्ती, स्मशानभूमी यांची घरनिहाय नोंद करा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर विचारता येते. उत्तर घेऊन ग्रामसभेत उभे राहा. दुसरे, मतदार नोंदणी. 17 वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना सहा नंबरचा अर्ज आगाऊ भरता येतो. स्वतंत्र मतदारसंघ गमावलेल्या समाजाला यादीतले एक नावही गमावणे परवडणारे नाही. तिसरे, शिष्यवृत्ती. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी आणि महाडीबीटीचा अर्ज यांत अडकून दरवर्षी मुले मागे राहतात. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाने पहिल्या वर्षाच्या पाच जणांचे अर्ज पूर्ण करून द्यावेत. चौथे, अत्याचाराच्या गुन्ह्यांचा पाठपुरावा. ॲट्रॉसिटी कायद्याच्या नियमांनुसार 60 दिवसांत तपास पूर्ण होऊन आरोपपत्र जायला हवे. ही तारीख वहीत लिहून ठेवणारा आणि पीडित कुटुंबाबरोबर पोलीस ठाण्यात जाणारा कॉलेजातला एक मुलगा किंवा मुलगी असेल, तर ते कुटुंब एकटे पडत नाही.

आता थोडे स्वतःलाही विचारू. जयंतीच्या वर्गणीतून डीजेला किती जातात आणि अभ्यासिकेला किती? 18 मार्च 1956 ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आजही आपल्यालाच लागू आहे. नोकरी लागली की वस्तीकडे पाठ फिरवायची आणि 14 एप्रिलला स्टेटस ठेवायचे, ही सेवाही नाही आणि चळवळही नाही.

सेवा योजनेचे ब्रीद आहे, 'नॉट मी, बट यू'. माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी. ते लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण ओढ्यापलीकडून आलेल्या मुलीने ते कसे म्हणायचे? तिच्या बाबतीत 'मी' आणि 'तू' वेगळे नाहीत. ज्या घरात नळ नाही, ते तिचेच घर आहे. ती उपकार करायला जात नाही. ती आपल्या माणसांबरोबर हक्क मागायला जाते. या 24 सप्टेंबरला झाडू जरूर हातात घ्या, पण दुसऱ्या हातात वही असू द्या, आणि पाहणीच्या अर्जात तो एक रकाना आपणच आखा : नळ कोणाच्या दारात आहे, आणि कोणाच्या नाही?

जय भीम!