पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. कोणी कर्तबगार निघाला की वडीलधारी माणसे ती समाधानाने उच्चारतात. कोणी वाया गेला तर तीच म्हण, जराशा खालच्या आवाजात, पुन्हा बाहेर येते. मौज अशी की, दोन्ही वेळी ती उच्चारली जाते मूल मोठे झाल्यावर. निकाल हाती आल्यानंतर केलेले भाकीत सहसा चुकत नाही! मूल पाळण्यात असतानाच त्याच्याविषयी लिहून ठेवावे आणि वीस वर्षांनी ते पान उघडावे, ही कसोटी मात्र या म्हणीला फार काळ कोणी लावली नव्हती. ती लावण्याचा इतिहास म्हणजेच बालकांच्या दीर्घकालीन अभ्यासाचा इतिहास होय.

त्याचा आरंभ घरगुती आहे. फ्रान्समधील माँबेयार या गृहस्थाने १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे आपल्या मुलाची उंची नियमाने मोजली. चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या शैशवातील राग, भय, हास्य यांची टिपणे ठेवली आणि सुमारे सदतीस वर्षांनी, १८७७ साली, ती प्रसिद्ध केली. ही निरीक्षणे मोलाची खरी. परंतु ती एकेका बापाने एकेका मुलाची केलेली होती. एका मुलावरून मनुष्यजातीचा हिशेब मांडता येत नाही.

पुढे बुद्धिमापनाच्या कसोट्या निघाल्या आणि मोठा समुदाय निवडणे शक्य झाले. १९२१ साली अमेरिकेत लुई टर्मन या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातील तीव्र बुद्धीची दीड हजाराहून अधिक मुले निवडून त्यांच्या आयुष्याचा मागोवा आरंभिला. त्यांतील पुष्कळांनी पुढे उत्तम यश मिळविले. तथापि नोबेल पारितोषिक कोणालाही लाभले नाही. उलट, त्याच चाचणीत ज्यांना निवडले गेले नाही अशा विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ या दोघांना १९५६ आणि १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. पाय दिसले होते. पण पाहणाऱ्याची दृष्टी अपुरी पडली होती.

महाराष्ट्रात ही कसोटी लागली ती अगदी वेगळ्या पाळण्याला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील नवजात बालकांच्या विशेष कक्षात, ज्याला घरोघरी ‘काचेची पेटी’ म्हणतात तीत, ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात दोन हजार ग्रॅमहून कमी वजनाची जी बालके वाचली, त्यांचा मागोवा घेण्याचे डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरविले. अशी मुले वाचविण्याची विद्या तोवर वाढत चालली होती. परंतु वाचलेल्या मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न आई दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मनात घेऊन जात असे आणि त्याचे उत्तर देण्यास आपल्याजवळ स्वतःची अशी नोंदच नव्हती. पाश्चात्त्य देशांतील आकडे पुण्यातील चाळीला आणि वाड्याला जसेच्या तसे लागू करणे शहाणपणाचे नव्हते.

मग ही मुले, आणि तुलनेसाठी पूर्ण वजनाची मुले, सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासली गेली. अशा कामातील खरी अडचण शास्त्राची नसते, पत्त्याची असते. भाड्याचे घर बदलते, वडिलांची बदली होते, मुलगी सासरी जाते. एवढे होऊनही अठराव्या वर्षी कमी वजनाच्या गटातील १६१ तरुण-तरुणी तपासणीसाठी हजर होते, ही गोष्ट संशोधकांच्या चिकाटीइतकीच त्या कुटुंबांच्या विश्वासाचीही साक्ष देते.

निष्कर्ष निराशेचा नव्हता आणि भाबड्या आशेचाही नव्हता. बाराव्या वर्षी कमी वजनाच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८९.५, तर पूर्ण वजनाच्या मुलांचा ९७.२ भरला. म्हणजे अंतर होते; पण सरासरी सर्वसाधारण मर्यादेतच होती. जी दिवस भरण्यापूर्वी जन्मली आणि त्या दिवसांच्या मानानेही पोटात पुरेशी वाढलेली नव्हती, ती सर्वांत मागे राहिली. हात आणि डोळा यांचा मेळ, लेखन आणि गणित या ठिकाणी या मुलांना अडचण येत असे. ज्या मुलाला वर्गात ‘आळशी’ किंवा ‘गबाळ्या अक्षराचा’ म्हणून हिणविले जाते, त्याच्या वहीमागे कधी कधी काचेच्या पेटीतील ते पहिले दिवस उभे असतात. हे शिक्षकाला ठाऊक असेल तर त्याचा हात छडीकडे न जाता मदतीकडे जाईल.

मग पाळण्यात दिसलेले बदलता येते काय? येथे परदेशांतील दोन प्रयोग साक्षीला घ्यावे लागतात. मिशिगनमधील इप्सिलँटी गावी १९६२ साली गरीब निग्रो वस्तीतील १२३ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी ५८ मुलांना उत्तम बालशाळा मिळाली. त्यांचा बुद्ध्यंक प्रथम वाढला, आणि काही वर्षांत ती वाढ विरून गेली. तेथेच वही मिटली असती तर पैसा वाया गेला असा शेरा पडला असता. वही मिटली नाही. चाळिसाव्या वर्षी त्याच गटाची मिळकत अधिक आणि अटकेचे प्रसंग कमी आढळले. १९८४ साली कॅनडातील माँट्रियल शहरी रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी गरीब वस्त्यांतील बालवर्गांमधील हजाराहून अधिक मुलांचा असाच मागोवा आरंभिला. त्यांतील दांडग्या, भांडखोर मुलांपैकी काहींना आणि त्यांच्या आईबापांना दोन वर्षे मार्गदर्शन दिले. पंधरा वर्षांनी त्या मुलांत शालान्त शिक्षण पूर्ण करणारे अधिक आणि गुन्ह्याची नोंद असणारे कमी निघाले. पाचव्या वर्षीचा दांडगेपणा हा इशारा होता, निकाल नव्हे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभे केले, त्यामागे हीच श्रद्धा होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. १९७५ साली सुरू झालेल्या बालविकास योजनेच्या अंगणवाडीत तोच शब्द नांदतो आहे. श्रद्धेला आकड्यांचा आधार देण्याचे काम पुण्यातील नोंदवहीसारख्या नोंदवह्या करतात.

राज्यकारभाराचे वर्ष ३१ मार्चला संपते. मुलाचे संपत नाही. यंदा खर्चिलेल्या रुपयाचे फळ यंदाच मोजू पाहणारा हिशेब बालकाच्या बाबतीत हटकून चुकतो. पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण खोटी नाही. ती अर्धीच आहे. पाय दिसतात, पण वाट दिसत नाही. ती वाट पुढे इतरांनीच घालून द्यावयाची असते, आणि मूल तिच्यावरून कोठवर गेले हे पाहण्यास वीस वर्षे थांबावयाचे असते.