धावणाऱ्या मुलींचे गुरुजी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, यात्रांची वर्णने, ओव्या आणि आरोग्याच्या चार गोष्टी असतातच. यंदा चिटणीसबाईंनी मला इतिहासावर लिहावयास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या एवढीच माझी समजूत. परंतु माझ्या नणंदेची मुलगी कॉलेजच्या धावण्याच्या संघात आहे आणि तिच्या सोबतीला पहाटे मैदानावर जाण्याचे काम माझ्याकडे आले आहे. "मुलीच्या जातीला पळून काय मिळवायचे आहे?" हा प्रश्न हळदीकुंकवाला मला निदान पाच-सहा भगिनींनी तरी विचारला असेल. त्याला तोंडी उत्तर देणे मला जमले नाही. भाचीने इंग्रजी पुस्तकांतून वाचून मला मराठीत सांगितलेली एक हकिकत मात्र मला फार आवडली, ती येथे देते.

अमेरिकेच्या दक्षिण भागात टेनेसी नावाचे राज्य आहे आणि नॅशव्हिल ही त्याची राजधानी. तेथे १९१२ साली कृष्णवर्णीय मुलामुलींकरिता एक सरकारी शाळा निघाली, तिचेच पुढे कॉलेज व विद्यापीठ झाले. त्या राज्यात गोऱ्यांची व काळ्यांची शाळा वेगळी, दवाखाना वेगळा, बसमधील बाक वेगळे, पाणी पिण्याचा नळदेखील वेगळा. शिवाशिवीच्या कहाण्या आपल्याकडे काही कमी नाहीत, म्हणून अधिक सांगावयास नको. या कॉलेजात एडवर्ड टेंपल नावाचा एक तरुण स्वतः धावपटू म्हणून शिकावयास आला. त्याचा जन्म १९२७ सालचा, पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॅरिसबर्गचा. १९५० साली पदवी मिळाल्यावर पुढचे शिक्षण घेता घेता मुलींच्या धावण्याच्या संघाकडे पाहावे आणि कॉलेजचे पोस्टही सांभाळावे असे त्यास सांगण्यात आले. दोन्ही कामांचे मिळून महिना दीडशे डॉलर. पुढे टेंपल तेथेच समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. मुलींना धावावयास शिकविणे हे काम त्यांनी चव्वेचाळीस वर्षे केले.

मुलींचा संघ काळ्यांच्या कॉलेजात कसा काय निघाला, असे मला प्रथम वाटले. त्याचे उत्तर गमतीचे आहे. गोऱ्या मुलींच्या कॉलेजांत त्या काळी व्यायाम शिकविणाऱ्या बायकांचीच अशी समजूत होती की चढाओढीचे खेळ स्त्रीला शोभत नाहीत. त्यामुळे तेथे मुलींच्या शर्यतींना फारसे उत्तेजन नव्हते. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील काळ्यांच्या विद्यालयाने मात्र मुलींचा संघ उभा केला. त्याच विद्यालयात शिकलेली ॲलिस कोचमन १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीत पहिली आली. ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होय. नॅशव्हिलच्या संघाने टस्कीगीचाच कित्ता गिरविला. या मुलींना 'टायगरबेल्स' असे नाव पडले. त्याचा अर्थ वाघिणी म्हणा, की वाघाच्या घरच्या सुंदर लेकी म्हणा.

आता टेंपल गुरुजींचे काम काय होते ते पाहा. शर्यतीत जोराने कसे पळावे हे सांगणे हा त्यातला लहानसा भाग. बाकीचे सारे आपण बायका घरात रोज करतो तेच. मुलींना शर्यतीस न्यायचे तर प्रवासखर्चाला पैसे नाहीत, म्हणून स्वतःच्या मोटारीत बसवून शेकडो मैल न्यायचे. वाटेत खाणावळीत बसू देत नाहीत, म्हणून शिदोरी बांधून घ्यायची. पेट्रोल भरतील, पण शौचकूप वापरू देणार नाहीत, म्हणून रस्त्याकडेला शेत पाहून गाडी थांबवायची. मुली उतरून जात आणि गुरुजी गाडीपाशी उभे राहत. दूरच्या गावी मुक्काम करायचा तर काळ्यांना घेणारी जागा आधी शोधून ठेवायची. परक्या घरच्या सात-आठ तरुण मुली बरोबर घेऊन असे हिंडणे म्हणजे केवढी जबाबदारी! या मुलींच्या आया मोलमजुरी करणाऱ्या, कित्येक लोकांच्या घरची कामे करणाऱ्या. मुलगी या माणसाच्या हाती सुखरूप आहे हा त्यांचा विश्वास हेच त्या संघाचे भांडवल होते. गुरुजींच्या पत्नी चार्ली बी. यांच्याकडे मुलींचा घरच्यासारखा राबता असे. अशा हातांची नोंद पदकांच्या यादीत येत नाही, हे मला जाता जाता सांगितल्यावाचून राहवत नाही.

फुटबॉल खेळणाऱ्या मुलग्यांना शिष्यवृत्ती असे. मुलींना नाही. त्यांनी कॉलेजातच रोज दोन तास काम करावे, त्यातून त्यांची फी व जेवणखाण भागावे, अशी तोड काढलेली होती. अभ्यास, सराव आणि वर दोन तासांची नोकरी! गुण कमी पडले तर संघातून नाव कमी. "आधी पदवी, मग पदक" हा गुरुजींचा बाणा.

त्यांचे नियम मोठे कडक होते. मुलींनी कोणाच्याही मोटारीत बसून फिरावयास जायचे नाही. सरावाला जितकी मिनिटे उशीर तितक्या मैदानाच्या जादा चकरा. विल्मा रूडॉल्फ नावाची मुलगी एकदा अर्धा तास उशिरा उठली. तिला तीस चकरा माराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच येऊन मैदानावर बसली होती. आणखी एक नियम असा की शर्यत संपली की तोंड धुऊन, केस नीट करून मगच छायाचित्र काढणाऱ्यांपुढे उभे राहायचे. हा नियम मला अर्धाच पटतो. जिने जीव तोडून धावून जग जिंकले तिच्या विस्कटलेल्या केसांची लाज कोणी का बाळगावी? पण धावणाऱ्या बाईस पुरुषी म्हणून हिणविणारे लोक चहूकडे होते, त्यांची तोंडे बंद करण्याचा तो उपाय असावा, असे आमची भाची म्हणते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते हायस्कुलातल्या मुलींना निवडून कॉलेजात आणीत. तेथे आरंभी वेगाचे नावच नाही. नुसती रानोमाळची दौड, तिलाच क्रॉस कंट्री म्हणतात. सकाळी, दुपारच्या आधी आणि पुन्हा दुपारनंतर, अशी दिवसातून तीन वेळा, कुरणांतून आणि चढउतारांवरून. दिवसाकाठी सुमारे वीस मैल होत असत, असे विल्माने सांगून ठेवले आहे. शंभर मीटर धावणारीला वीस मैल कशाला, हा प्रश्न मीही भाचीला विचारला. ती म्हणाली, "मामी, पुरणपोळी लाटायला दोन मिनिटं लागतात, पण पुरण शिजवायला किती वेळ लागतो?" दम, पायांतले बळ आणि मनाचा चिवटपणा आधी शिजावा लागतो, वेग नंतर.

या विल्माचीच गोष्ट आता थोडी सविस्तर सांगते, कारण तीत तिच्या आईचाही मोठा वाटा आहे. विल्माचा जन्म १९४० सालचा. क्लार्क्सव्हिल गावच्या एका गरीब कुटुंबात बावीस भावंडांतली ती विसावी. लहानपणी तिला पोलिओ झाला आणि डावा पाय लुळा पडला. काळ्यांना उपचार मिळतील असे रुग्णालय नॅशव्हिलला, सुमारे पन्नास मैलांवर. तिची आई ब्लँच लोकांच्या घरी कामे करी आणि आठवड्याच्या आठवड्याला मुलीला घेऊन बसच्या मागच्या बाकावर बसून तेथे जाई. घरी आल्यावर आई आणि भावंडे पाळीपाळीने रोज तो पाय चोळीत. कित्येक वर्षे पायाला पट्ट्यांचा आधार होता, तो सुटला आणि मुलगी बास्केटबॉल खेळू लागली. एका सामन्यात पंच म्हणून आलेल्या टेंपल गुरुजींनी तिचे लांब पाय व चपळाई हेरली आणि उन्हाळी वर्गाला बोलावले.

१९५६ साली ऑलिंपिकसाठी निवड व्हायची होती. विल्मा सोळा वर्षांची, भेदरलेली. संघातील थोरली मुलगी मे फॅग्ज तेव्हा दोन ऑलिंपिक पाहून आलेली होती. तिने धाकटीला आपल्याबरोबर राहा, मी करते तसे कर, असे सांगून धीर दिला. दोघींचीही निवड झाली. मेलबर्नला चौघींच्या रिले शर्यतीत मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज, विल्मा रूडॉल्फ आणि इझाबेल डॅनियल्स यांनी तिसरा क्रमांक मिळविला. देश अमेरिका, पण चौघीही टेंपल गुरुजींच्या!

पुढे १९५८ साली, कॉलेजात येण्यापूर्वीच, विल्माला मुलगी झाली. लग्न झालेले नव्हते. आपल्याकडे अशा वेळी काय होते ते मी लिहीत नाही, आपण जाणताच. आई झालेल्या मुलीला संघात घ्यायचे नाही असा गुरुजींचाही नियम होता. परंतु येथे त्यांनी तो बाजूला ठेवला. बाळाला घरच्यांनी सांभाळले आणि विल्मा कॉलेजात दाखल झाली. सारे नियम पाळणाऱ्या गुरुजींपेक्षा हा एक नियम मोडणारे गुरुजी मला अधिक मोठे वाटतात.

१९६० साली रोमला ऑलिंपिक भरले. अमेरिकेच्या स्त्रियांच्या संघाचे शिक्षक टेंपलच होते. विल्माने १०० मीटर ११.० सेकंदांत जिंकले, २०० मीटर जिंकले आणि रिले राहिली. मार्था हडसन, लुसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स व शेवटी विल्मा, पुन्हा चौघी एकाच कॉलेजच्या. बार्बराच्या हातून दांडी घेताना विल्माचा हात चुकला, दांडी पडतापडता राहिली आणि जर्मनीची बाई पुढे गेली. विल्माने तिला गाठले आणि ४४.५ सेकंदांत शर्यत जिंकली. एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्यात तीन सुवर्णपदके मिळविणारी ती पहिली अमेरिकन स्त्री.

गावी सत्काराची तयारी झाली. गोऱ्यांची व काळ्यांची सोय वेगळी असेल तर मी येणार नाही, असे विल्माने कळविले. विसाव्या वर्षी ही हिंमत! त्या ऑक्टोबरात क्लार्क्सव्हिलमध्ये मिरवणूक निघाली आणि मेजवानीही झाली. दोन्ही ठिकाणी सर्व लोक एकत्र होते. त्या गावात असे प्रथमच घडले.

त्यानंतर जॉर्जिया राज्यातून एडिथ मग्वायर व वायोमिया टायस या दोन मैत्रिणी आल्या. १९६४ साली टोकियोत १०० मीटरला नाव होते एडिथचे, जिंकली मात्र धाकटी वायोमिया. एडिथ दुसरी आली आणि २०० मीटर तिने जिंकले. १९६८ साली मेक्सिकोत वायोमियाने १०० मीटर पुन्हा जिंकले. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये ही शर्यत जिंकणे तोवर कोणा पुरुषालाही जमलेले नव्हते.

लांब पल्ल्याची कथा आणखी निराळी. १९२८ साली ॲमस्टरडॅमला स्त्रियांची ८०० मीटर शर्यत ठेवली होती. शर्यत संपल्यावर बायका थकून पडल्या असा वर्तमानपत्रांनी गवगवा केला आणि ती शर्यतच बंद झाली, ती १९६० पर्यंत! पुरुषही शर्यत संपल्यावर आडवे होतात, त्यावरून त्यांची शर्यत कोणी बंद केल्याचे ऐकिवात नाही. कोसभर लांबून डोक्यावर पाण्याचे हंडे आणणाऱ्या बायकांना आठशे मीटर झेपत नाहीत म्हणे. १९६८ साली हीच शर्यत टायगरबेल्सपैकी मॅडलिन मॅनिंग हिने जिंकली.

आपल्याकडची एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. मे फॅग्ज व बार्बरा जोन्स यांनी १९५२ साली हेलसिंकीत रिलेचे सुवर्णपदक मिळविले. त्याच स्पर्धेत मुंबईच्या वांद्र्याची, मूळ गोव्याच्या घराण्यातली मेरी डिसोझा १०० व २०० मीटर धावली. स्वतंत्र भारतातर्फे ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. तिच्या प्रवासाला पैसे नव्हते, तेव्हा मित्रमंडळींनी नाचाचा व पत्त्यांचा कार्यक्रम करून पैसे जमविले. १९५४ साली मनिलाच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी रिलेचे सुवर्णपदक जिंकले, त्या चौघींत मेरी होती. वर्गणी गोळा करण्याचे काम आपल्या मंडळाला किती चांगले येते, हे गणपतीत सर्वांनी पाहिलेच आहे.

पळून काय मिळाले, हा हिशेबही देते. टेंपल गुरुजींच्या चाळीस मुली ऑलिंपिकला गेल्या. त्यांनी तेवीस पदके आणली, त्यांतली तेरा सुवर्णाची. आणि त्या चाळीसपैकी एकोणचाळीस जणींनी पदवी घेतली. त्यांच्यातल्या कित्येकींच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच मुलगी होती. पुढे कोणी शिक्षिका झाली, कोणी समाजसेवेत गेली.

१९७२ साली अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलामुलींत भेद करू नये. मोठमोठी श्रीमंत विद्यापीठे आता धावणाऱ्या मुलींना शिष्यवृत्त्या देऊ लागली आणि टेंपल गुरुजींकडे येणाऱ्या मुली तिकडे वळू लागल्या. ज्यांनी दोन तासांच्या मजुरीवर संघ चालविला त्यांचेच अंगण असे ओसरू लागले. मला याचे थोडे वाईट वाटते, पण त्या मुलींना दोष देववत नाही. तरीही फ्लॉरिडाची चँड्रा चीझबरो त्यांच्याकडेच आली. १९८४ साली लॉस एंजलिसला तिने ४०० मीटरमध्ये रौप्य आणि दोन्ही रिले शर्यतींत सुवर्ण मिळविले. त्या दोन रिलेंमध्ये तासाभराचेही अंतर नव्हते.

विल्मा १९९४ साली, चौपन्नाव्या वर्षी वारली. गुरुजी त्याच वर्षी निवृत्त झाले. त्यांचे निधन सप्टेंबर २०१६ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी झाले. त्यांच्या पश्चात कॉलेजच्या मुलींना धावावयास शिकविण्याचे काम पुढे चँड्रा चीझबरोने हाती घेतले.